प्रॉसरबाईंची बाग आणि ठकठकणारा आत्मा

भरदुपारी गावच्या पडदे ओढलेल्या सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. मध्ये मेज, मेजाशी लंडनहून आलेले, मेलेल्यांशी बोलतो म्हणणारे मिस्टर व्हॉस्पर. एवढ्यात जमिनीतून आवाज आला. ठक!

"आला! गिल्बर्ट आला!" बायका कुजबुजल्या.

गिल्बर्ट हा हेस्टर प्रॉसरबाईंचा एकुलता एक मुलगा. महायुद्धात गेला. बाईंकडे उरली ती सफरचंदांची बाग. तशी बाग आमच्या हेरफर्डशायर परगण्यात दुसरी नाही.

व्हॉस्परांनी डोळे फिरवले. "हे पुण्यात्म्या! आईने बाग आमच्या आत्मप्रकाश धर्मादाय ट्रस्टला द्यावी ना? एक ठोका म्हणजे होय!"

ठक!

"देते रे बाळा," बाई रडत म्हणाल्या.

मागून म्हातारे गार्लंड वकील उठले. "आत्म्याला दोन प्रश्न विचारू का?"

"आत्मा वकिलांना घाबरत नाही!"

"मग असा हा पहिलाच. बरं, ट्रस्ट कोणत्या कामासाठी?"

"सत्कार्यासाठी. मला जे उचित वाटेल ते."

"आणि लाभ कोणाला?"

"निवडक साधकांना."

"ते कोण?"

व्हॉस्पर घुटमळले. "सध्या... माझी बहीण आणि मेहुणे."

सभागृहात हशा पिकला.

"मग हा धर्मादाय ट्रस्ट नव्हे, तुमचा संसार झाला! देणाऱ्याचा हेतू स्पष्ट हवा, मालमत्ता ठरलेली हवी, काम कायद्याने धर्मादाय मानलेलं हवं आणि फायदा जनतेचा हवा. वर जमिनीला मालकाची सही लागते. ठकठक चालत नाही."

"आत्म्याला कसला कायदा!" व्हॉस्पर गरजले. ठक!

प्रॉसरबाई व्हॉस्परांच्या बुटांकडे बघत उठल्या. खुर्चीवरची उशी त्यांनी व्हॉस्परांपुढे टाकली. "पाय यावर ठेवा."

"कंपनं बिघडतील, बाई!"

"का? माझा गिल्बर्ट तुमच्या पायांत राहतो?"

सगळे बघत होते. व्हॉस्परांना पाय उचलावेच लागले.

"गिल्बर्ट, आहेस का रे?"

काही नाही. बाईंनी पुन्हा हाक मारली. आता कोणी हसलं नाही.

गार्लंडांनी बूट काढला. "पायाच्या अंगठ्याचा सांधा मोडायचा. पाय जमिनीच्या लाकडी फळीला टेकलेला असला की आवाज फळीभर घुमतो, अंधारात कुठून आला ते कळत नाही. उशीवर घुमणार कसा?" त्यांनी अंगठा मोडून दाखवला. ठक! दुसऱ्यांदा दाखवायला गेले तर पोटरीत गोळा आला, आणि दोघांनी धरून त्यांना बसवलं. तेवढ्यात व्हॉस्पर दारातून पसार झाले. पुढच्या रविवारी चर्चमध्ये पोरांनी इतके अंगठे मोडले की पाद्रीबाबांनी प्रवचन अर्ध्यावर सोडलं.

बाईंनी मात्र खरा ट्रस्ट केला, स्वतःच्या सहीने. बागेच्या उत्पन्नातून गावच्या शाळेतल्या मुलांना पुस्तकं.

"गिल्बर्टला आवडलं असतं," गार्लंड म्हणाले.

"ते आता कोणाला विचारायचं नाही. मला आवडतंय."

दुःखात माणूस कुठल्याही आवाजाला ओ देतो, त्यात लाज नाही. पण मेलेल्याच्या नावाने कोणी जिवंताकडे हात पसरला, तर आधी पडदे उघडा. आवाज कुठून येतो ते बघा, आणि फायदा कुठे जातो तेही.