झाकण उघडणारा माणूस

आमच्या ह्यांच्या पायाला भिंगरी आहे. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणारा माणूस एका जागी बसायला शिकला असेल असं तुम्हाला वाटेल, पण ते फक्त दुकानात. घरात बूड टेकलं की लगेच उठणार. माझं हृदयाचं ऑपरेशन झालं, दोन महिने खोलीबाहेर पडायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं, आणि ह्यांनी दुकानालाच कुलूप लावलं. झालं! दर दहा मिनिटांनी दार उघडून माझ्याकडे बघायचं.

एकदा वैतागून म्हटलं, "मला बघत बसण्यापेक्षा खिडकीसमोर पाखरांसाठी काहीतरी करा. पिल्लं उडताना बघेन, तेवढाच वेळ जाईल." खरं तर प्रश्न वेळेचा नव्हता. आपण यातून उठतो की नाही, याची मला धास्ती होती. समोर काहीतरी जिवंत वाढताना बघायचं होतं.

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! दुसऱ्याच दिवशी समोरच्या झाडावर जुन्या फळ्यांची पेटी. पुढे गोल भोक, वर बिजागरीचं झाकण, मांजर चढू नये म्हणून खोडाला पत्रा. आठवड्याभरात दयाळाची जोडी आली. काळा-पांढरा नर शेपूट उंचावून गायचा, मादी काड्या आत न्यायची. मी उशा रचून बघत बसायचे. मला पुन्हा भूक लागायला लागली.

पण घड्याळवाल्याला मागचं झाकण उघडल्याशिवाय आत ठीक चाललंय हे पटतच नाही. मादी अंड्यांवर बसली तरी हे दिवसातून चारदा स्टुलावर चढून झाकण उचलायचे. कुरकुर ऐकून ती घाबरेल म्हणून बिजागरीला घड्याळाचं तेलही घातलं. केवढा तो समजूतदारपणा! "चार अंडी आहेत," येऊन सांगायचे. तासाभराने, "अजून चारच." मी हात जोडले, ओरडले. पाचव्या दिवशी मादी उडाली ती आलीच नाही. अंडी गार पडली.

मी नाही नाही ते बोलले. "हाताला चळ लागलाय तुमच्या! कुणाला सुखानं जगू देऊ नका."

हे खाटेशेजारी उभेच राहिले. "सहा दिवस तुला आयसीयूत ठेवलं होतं. मी दाराबाहेर. कुणी बाहेर आलं की विचारायचो, ते म्हणायचे, ठीक आहे. ठीक म्हणजे काय, ते मला बघता येत नव्हतं. तेव्हापासून काही बंद दिसलं की राहवत नाही गं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. रडू आलं, आणि इतके दिवस हे मला कसं कळलं नाही याची लाज वाटली.

त्याच संध्याकाळी ह्यांनी गार अंडी काढून पेटी साफ केली आणि झाकणाला खिळे ठोकले. पंधरा दिवसांनी जोडी पुन्हा पेटीभोवती घुटमळायला लागली. "मी घरात राहिलो तर खिळे उपटीन," असं म्हणून हे दुकानाची किल्ली घेऊन सायकलवर निघाले.

सकाळभर मादी काड्या आणत होती. मला हवं होतं तेच डोळ्यांसमोर चाललं होतं. घरात कसलाच आवाज नव्हता. अर्धा तास झाला, तास झाला. मला करमेना. रस्त्यावर सायकलची घंटी वाजली की मान फाटकाकडे वळायची. पाखरं आत गेली की बाहेर, तेही धड पाहिलं नाही. शेवटी दुकानात फोन लावला.

"काय झालं?" ह्यांनी पहिल्याच घंटीला फोन उचलला होता.

"काही नाही हो. मागच्या दाराने या, म्हणजे पाखरं बिचकणार नाहीत," मी म्हटलं. "पण या."