ढब्बूचा उजवा कान

न्हाव्याच्या मनात मेहुण्याबद्दल अढी आधीपासून होतीच. कुत्र्यामुळे तिला निमित्त मिळालं. नोकरी सुटल्यापासून मेहुणा बहिणीच्या घरी सोफ्यावर लोळत असे आणि ढब्बू त्याच्या पायाशी. ज्याने ढब्बूला पिल्लू असताना बाटलीने दूध पाजलं, त्या न्हाव्याचा हात लागला की मात्र तो गुरगुरायचा.

"दाजी, तुमच्या हाताला साबणाचा वास येतो," मेहुणा म्हणाला.

"तुझ्या हाताला कसलाच येत नाही. काम केलं तर येईल ना."

कुत्र्याला परत आपलंसं करायला न्हाव्याने त्याला येत होतं तेच केलं. दुकान बंद करून आला की ढब्बूला विंचरायला बसायचा. गिऱ्हाइकाचं डोकं वळवायचं तर कान चिमटीत धरायचा, ही हाताची जुनी सवय. ढब्बूचंही डोकं तो तसंच वळवी. जितका जास्त विंचरी, तितका ढब्बू लांब पळे. शेवटी तो अंगठ्याला कडकडून चावला.

"तुझाच झालाय तो," न्हावी मेहुण्याला म्हणाला. "खोली मिळाली की घेऊन जा."

मेहुणा लगेच "चालेल" म्हणाला. ते चाव्यापेक्षा जास्त झोंबलं.

बायकोने दोघांचंही ऐकलं नाही. ती ढब्बूला जनावरांच्या डॉक्टरणीकडे घेऊन गेली. न्हावी धुसफुसत मागून गेला. डॉक्टरणीने तोंडाला पट्टी बांधून उजव्या कानात उजेड पाडला. आत खोलवर पू झाला होता.

"बऱ्याच दिवसांचं आहे. कान ओढला की जीव जात असेल त्याचा. कोण धरतं कान?"

"हेच," बायको म्हणाली. "सगळ्यांचे धरतात."

मेहुणा लाडका का, तेही उलगडलं: आळसापायी तो ढब्बूला हातच लावत नसे.

रोज सकाळ-संध्याकाळ कानात औषधाचे थेंब सोडायचे होते. घरी आल्यावर न्हाव्याने बाटली मुद्दाम मेहुण्याच्या हातात दिली. आता याचाही राग येऊ दे ढब्बूला. मेहुण्याने घाईघाईने बाटली वाकडी घातली, टोक कानात टोचलं, ढब्बू कळवळला. न्हाव्याला क्षणभर बरं वाटलं. मग त्याने बाटली हिसकावून घेतली.

"सरक. मान धर नुसती."

कान न ओढता त्याने हलक्या हाताने थेंब सोडले. ढब्बूने त्याच्यावरच दात विचकले, अंग सोडवून घेतलं आणि मेहुण्याच्या पायाशी जाऊन पडला.

"दाजी, संध्याकाळी मी टाकू?"

"तू लोळ," न्हावी म्हणाला. "आणि खोली मिळाली तर एकटा जा."