दीड सेकंद

पट्टी अजून होती. हत्यारांच्या डब्यात, पान्यांच्या खालच्या कप्प्यात, फ्यूजच्या डबीशेजारी, तेलकट फडक्यात गुंडाळलेली — बोटाच्या दोन पेरांएवढी, टोकाशी वाकवलेली पोलादी पट्टी, कडेला त्याच्याच कानशीचे ओरखडे असलेली. रोनाल्ड शोधत होता मल्टिमीटर, पण हात बरोबर तिच्यावर जाऊन थांबला. तीन वर्षांत ती टाकून द्यायचे किती मुहूर्त त्याने काढले होते... घरामागे बावखल आहे, पाणी बारा महिने हिरवं, तळाशी काय पडलंय ते कुणाच्या बापाला दिसायचं नाही. पण दोनदा काठापर्यंत जाऊन तो तसाच परतला होता, कारण मेरी ओट्यावरून विचारणार, काय हो, काय टाकलंत? — आणि चोराच्या मनात चांदणं. त्याने फडकं पुन्हा घट्ट गुंडाळलं आणि मल्टिमीटर घेऊन उठला.

"रोनाल्ड अंकल, कळलं का काही?"

हर्षवर्धन. त्याचे वडील, मोठे शेठ, गेले आणि वसई पूर्वेचा हा गाळा, त्यातल्या चार सीएनसी मशीन, पाण्याच्या व्हॉल्व्हचे पितळी सुटे भाग आणि मशीन दुरुस्त करणारा रोनाल्ड, असं सगळं त्याच्याकडे आलं. याला रोनाल्डने हाफ पँटमध्ये पाहिलेला, त्यामुळे तू म्हणवत नाही आणि तुम्ही तर तोंडातून निघत नाही. रोनाल्ड त्याच्याशी बोलताना वाक्यंच अशी करतो की दोन्ही टळावं. पोरगा वाईट नाही. फक्त आकडे बघितल्याशिवाय त्याला घास गिळत नाही. गेल्या महिन्यात त्याने चारी मशीनवर एकेक काळी डबी लावली. मशीनचं दार बंद झाल्यापासून आतला चक, नग पकडून फिरवणारा जबडा, फिरेपर्यंत किती वेळ गेला, तेवढं ती डबी टिपते. तीन मशीनचा आकडा एका सेकंदाच्या आत. चौथ्याचा, आत्मारामच्या मशीनचा, चार. कधी पाच.

"शोधतोय," रोनाल्ड म्हणाला.

"पाच वाजेपर्यंत मला एकच ओळ द्या. मशीन की माणूस. मशीन असेल तर कंपनीचा इंजिनियर उद्या बोलावतो. माणूस असेल तर आत्मारामला नग धुवायला, धुलाईला टाकतो, दुसरा ऑपरेटर उभा करू. चिडून नाही हां बोलत, अंकल. पण काहीतरी एक असणारच ना."

काहीतरी एक असणारच. शाळेतल्या गणितासारखं. आणि इथे रोनाल्डला उत्तर सकाळी स्कूटर लावतानाच ठाऊक होतं — निदान दीड सेकंदाचं तरी. दीड सेकंद त्याने स्वतः घातला होता. कुणाला न सांगता, कुठे न लिहिता. उरलेल्या अडीच सेकंदांचं काय, ते मात्र देव जाणे.

तो मशीनच्या मागे गेला आणि विजेच्या कपाटाचं दार उघडलं. आतून गरम हवा तोंडावर आली. वायरी ओढून पाहिल्या, रिले बदलला, तेलाचा दाब पाहिला, दाराच्या स्विचला मीटरच्या सुया लावून आत्मारामला म्हणाला, "लाव. उघड. लाव." दार लागलं की क्षणात मीटर बोले. सगळं जागच्या जागी. जे हरवलेलंच नाही ते घरभर शोधायचं नाटक... आणि आत्माराम बिचारा प्रत्येक वेळी इतक्या इमानाने दार लावत होता, उघडत होता, की रोनाल्डला त्याच्याकडे बघवेना.

"मी दाबतो हो भाऊ," तो म्हणाला. "बटन मी दाबतोच. तीच उशिरा ऐकते. हल्ली जरा हट्टी झालीय."

आत्माराम राजापूरकडचा, राहायला नालासोपाऱ्यात, बारा वर्षं याच मशीनवर. मशीनला तो 'ती' म्हणतो, सणाला गोंडा बांधतो, दुसऱ्या कुणी तिच्यावर डबा ठेवला तरी त्याचं डोकं फिरतं. हा माणूस धुलाईला जाईल, केरोसीनच्या वासात दिवसभर बादल्या हलवेल, आणि तिथून बारा पावलांवर दुसरा कुणी हिचं दार सरकवत असेल... जाईल तो. तक्रारसुद्धा करणार नाही. त्याची तीच तर खोड आहे, आणि त्या खोडीवर मी तीन वर्षं जेवतोय.

तीन वर्षांपूर्वी मोठे शेठ म्हणाले होते, दार उघडण्या-लावण्यात फार वेळ जातो रे रोनाल्ड, बघ काही. रोनाल्डने बघितलं. दारावरची पट्टी स्विचच्या फटीत शिरली की मशीनला कळतं, दार बंद झालं. तर तश्शीच एक पट्टी घासून त्या फटीत कायमची बसवली की झालं, मशीन बापडं समजतं की दार सदा बंदच आहे. अर्ध्या तासाचं काम. शेठनी पाठ थोपटली. चार महिने काही झालं नाही, आणि मग एका मंगळवारी आत्माराम उघड्या दारातून डावा हात आत घालून चकमध्ये अडकलेला पितळेचा कीस काढत होता, आणि उजव्या हाताचा अंगठा — सवयीचा गुलाम — बटणावर होता. मधलं बोट आणि शेजारचं. दोन्ही अर्धी. आवाज फारसा झालाच नाही. लोक विचारतात तेव्हा रोनाल्ड सांगतो, मी तेव्हा स्टोअरमध्ये होतो. तो तिथेच होता.

चौकशीचा माणूस यायच्या आत त्याने पकडीने पट्टी उपटून काढली. आणि आत्मारामने दवाखान्यातून जबाब दिला की स्विचमध्ये मीच काहीतरी खुपसलं होतं, माझीच घाई. रोनाल्ड भेटायला गेला तेव्हा केळी घेऊन गेला होता, वाडीतली, चांगली पिकलेली. ती कुठे ठेवावी ते त्याला कळेना. आत्माराम म्हणाला, "लेकीचं, लविनाचं लग्न ठरतंय ना, भाऊ? अशात तुमचं नाव कशाला." बस, एवढंच. त्या गोष्टीवर दोघं पुन्हा कधी बोलले नाहीत. रोनाल्डला वाटे, बोलावं. मग वाटे, तो विसरला असेल. अर्धी बोटं घेऊन माणूस विसरतो, असं स्वतःला समजावता येतं, हे त्याला त्या तीन वर्षांत कळलं.

पुढच्या उपवासकाळात तो फादरांकडे कुमसाराला, पापं कबूल करायला, बसला. जाळीपलीकडच्या कानाला सांगायला गेला होता सगळं, पण जिभेने सांगितलं, कामात हयगय केली, फादर. म्हाताऱ्या फादरांना वाटलं असेल, उशिरा जात असेल बिचारा कामावर. दहा नमो मरिया म्हणायला सांगितल्या. स्कूटरच्या स्टँडपर्यंत जाता जाता त्या संपल्यासुद्धा. दहा! रोनाल्डला स्वतःचीच किळस आली, आणि दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला गेल्यावर त्याने आपलं प्रायश्चित्त आपणच नेमून घेतलं. मशीनच्या पडद्यावर टायमरांचं एक पान असतं. त्यात सतरावा टायमर दाराचा, कंपनीने शून्यावर ठेवलेला. त्याने तिथे दीड सेकंद घातला. दार लागलं, बटण दाबलं, तरी दीड सेकंद चक हलणार नाही. तेवढ्यात कुठलाही हात मागे येतो. दिवसाला चारशे नग, चारशे वेळा ते मशीन रोनाल्डच्या वतीने थांबणार. तेव्हापासून त्याला झोप लागू लागली, हे खोटं नाही.

आणि आता तो दीड सेकंद काढायचा. दुसरा मार्गच दिसत नव्हता. जेवणाच्या सुट्टीत गुपचूप शून्य करायचा, हर्षवर्धनला सांगायचं की वायर ढिली होती, आवळली — आकडा निदान उतरलेला दिसेल, आत्मारामवरचं बालंट टळेल. पण मग उद्यापासून मशीन थांबणार नाही. म्हणजे आत्मारामची जागा वाचवायची तर त्याची बोटं पुन्हा... छे, दार आहे, स्विच धड आहे, पट्टी डब्यात आहे. काही होणार नाही. काही होणार नाही, असं मोठे शेठही म्हणाले होते.

जेवायची घंटा झाली. मेरीने शुक्रवार म्हणून वांग्याची भाजी दिली होती. डबा न उघडताच तो मशीनपाशी गेला, हात पुसले, पडद्यावर ते पान काढलं. पंधरा, सोळा, सतरा.

शून्य.

त्याने पान बंद करून पुन्हा उघडलं. सतरा, शून्य. शेजारचे सगळे आकडे कंपनीने दिले होते तसे, कोरे-करकरीत... आणि मग हळूहळू आठवलं. मागल्या वर्षी, लविनाच्या लग्नाच्या रजेवर तो होता तेव्हा मशीनची बॅटरी संपून सगळी मेमरी उडाली होती, आणि कंपनीच्या माणसाने येऊन मूळची प्रत परत भरली होती. रजेवरून आल्यावर त्याला सांगितलंही होतं कुणीतरी. त्याने बुंदीचे लाडू वाटता वाटता ऐकलं आणि सोडून दिलं.

म्हणजे चौदा महिने. चौदा महिने मी निवांत झोपत होतो, आणि इथे काहीच नव्हतं. रोज संध्याकाळी स्कूटर काढताना मशीनकडे बघून मनातल्या मनात म्हणायचो, झाले आजचे चारशे. ते कुणाचे चारशे होते? रोनाल्ड स्टुलावर बसला. आणि मग, फार उशिरा, दुसरा विचार आला: मशीन जर थांबत नसेल, तर चार सेकंद थांबतं कोण?

जेवणानंतर त्याने काही तपासलं नाही. पितळेच्या कांड्या रचून ठेवायच्या लोखंडी घोड्याआड उभा राहिला आणि नुसतं पाहत राहिला. आत्मारामने नग लावला, पायाने पेडल दाबून चक आवळला, दार सरकवलं. उजवा अंगठा बटणावर गेला. गेला, आणि नुसता टेकून राहिला. मग डावा हात वर आला, डोळ्यांसमोर उघडला, आणि अंगठ्याने एकेका बोटाला शिवला: पहिलं, मग मधलं, जिथे संपतं तिथे, मग त्याच्या शेजारचं, मग करंगळी. मग बटण खाली गेलं. चक तत्क्षणी फिरला. आत्मारामचा चेहरा तसाच, शांत, थोडा कंटाळलेला; हात वर गेला होता याची त्याला खबर असेल असं वाटेना. पुढचा नग. पुन्हा तेच. रोनाल्डने तीस नग मोजले. तिसाव्यालाही करंगळीपर्यंत.

पाचला दहा कमी असताना हर्षवर्धन आला. "हं अंकल. मशीन की माणूस?"

रोनाल्डकडे एक ओळ नव्हती. दोन्ही उत्तरं खोटी होती, आणि तिसरं होतं त्यात त्याचं स्वतःचं नाव होतं. मशीनला काही झालेलं नाही, असं म्हणावं तर आत्माराम उद्यापासून बादल्या हलवणार. मशीन बिघडलंय म्हणावं तर उद्या कंपनीचा इंजिनियर येऊन तासाभरात सांगणार की बिघडलेलं नाही. "अजून पक्कं नाही सांगता येत," तो म्हणाला, आणि हे खोटं तिन्हींत स्वस्त पडलं.

"मग सोपं आहे," हर्षवर्धन म्हणाला. "दहा नग तुम्ही काढा. तुमचा आकडा एकच्या आत आला तर कळलंच."

आत्माराम बाजूला झाला. फडक्याने पॅनेल पुसलं, बटणही पुसलं. "या भाऊ."

रोनाल्ड मशीनसमोर उभा राहिला. तीस वर्षं मशीन दुरुस्त करणारा माणूस, चालवायला असा कधी उभा राहिलाच नव्हता. नग लावला. पेडल. दार. डोक्यात हिशेब लख्ख होता: पटकन दाबलं तर आत्माराम गेला, म्हणून लबाडी करायची, चारपर्यंत मोजायचं, मग दाबायचं. तिथेच उभ्या उभ्या त्याने ते ठरवलं, आणि त्याला जवळजवळ बरं वाटलं, निदान एक लबाडी तरी दुसऱ्या कुणासाठी. एक. दोन. तीन. चार.

अंगठा खाली जाईना.

पाच... एकदम जाणवलं, आपला डावा हात कुठे आहे ते त्याला ठाऊक नव्हतं. दाराच्या काचेपलीकडे चक स्थिर होता, जबड्यांवर तेल चमकत होतं, आणि डावा हात — तो आत तर नाही ना? दार बंद आहे, माझ्याच हाताने लावलंय, आत कसा असेल. तरी. बघावं एकदा. सहा. मी मुद्दाम थांबलोय; हे माझं नाटक आहे; आता संपवता येईल, कधीही संपवता येईल... सात. मानेवर घाम आला. ही लबाडी चालली आहे की भीती, ते त्याला सांगता आलं नसतं, फादरांनासुद्धा नाही.

"अंकल?" मागून हर्षवर्धन म्हणाला.

आत्माराम एक पाऊल पुढे आला. फक्त रोनाल्डला ऐकू जाईल इतक्या हळू, जुन्या दुखण्याची विचारपूस करावी तशा आवाजात तो म्हणाला, "दोन्ही बाहेर आहेत, भाऊ. मी बघितलं."

म्हणजे याला ठाऊक आहे. वर जाणारा हात, करंगळीपर्यंतची मोजणी... 'ती हट्टी झालीय' म्हणणाऱ्याला सगळं पहिल्यापासून ठाऊक आहे, आणि तो मला धीर देतोय. मला! पन्नाशी उलटलेल्या माणसाने भर गाळ्यात रडू नये म्हणून रोनाल्डने काचेत बघितलं. हर्षवर्धनला काय सांगायचं ते अजून सुचत नव्हतं. पण सांगायचं आहे, आणि तोंड आपल्याच उघडायचं आहे, एवढं त्याला पहिल्यांदाच कळत होतं, आणि त्याची त्याला फार भीती वाटत होती. बटण अंगठ्याखाली थंड होतं. आत्माराम शेजारी तसाच उभा होता, घाई न करता.