हरकाऱ्याची काठी

मित्रांनो, माझ्या अंगावरची हळद बघून मला हात जोडू नका. मी एक जुनी काठी आहे, पण देवाची नाही. मी टपालाची. बाभळीचं अंग आणि गळ्यात पाच पितळी घुंगरं. एवढं साधं सांगायला मला तोंड नव्हतं, म्हणून नऊ वर्षांच्या एका मुलीचा जन्म वाया जाणार होता.

नगरच्या एका सुतारानं मला तासलं, लोहारानं टोकाला भाला बसवला, आणि सरकारनं मला पुंजारामाच्या हाती दिलं. पुंजाराम हरकारा होता. हरकारा म्हणजे टपाल घेऊन पळणारा माणूस. नेवाशाकडे तेव्हा मोटार जात नव्हती. मला खांद्यावर टाकायचं, मागं थैली अडकवायची आणि तीन कोस धावायचं. पुढच्या टप्प्यावर दुसरा हरकारा वाट बघत असायचा. भाला लांडग्यांसाठी, घुंगरं सापांसाठी. आमचा आवाज आला की विहिरीवरच्या बाया म्हणायच्या, "सरा गं, कागद आला." मला फार बरं वाटायचं.

पुंजाराम मानमोडीच्या, म्हणजे तापाच्या मोठ्या साथीत गेला. त्याचं लेकरू मामाकडं वाढलं. मोठं होऊन परत आलं, पण बाप काय काम करायचा हे त्याला कुणी सांगितलं नाही. तोवर मोटारी आल्या. हरकारे गेले, त्यांच्या पाठोपाठ तो शब्दही गेला. माझा भाला काढून कुणीतरी त्याचं खुरपं केलं. मी मात्र पुंजारामाच्या घरात माळ्यावर पडून राहिले, पन्नासेक वर्षं.

बहात्तर साली पाऊस आला नाही. त्याच साली पुंजारामाचा मुलगाही वारला. घरात त्याची बायको आक्काबाई, मुलगा कारभारी, सून छबूबाई आणि नात चांगुणा. उंदीर दाण्याच्या शोधात माळ्यावर पळायचे. माझ्यावरून गेले की मी वाजायचे. आक्काबाईनं ते ऐकलं. मला खाली उतरवलं, घुंगरं पाहिली आणि भंडारा लावला.

"माझा सासरा वाघ्या हुता," ती म्हणाली. "खंडोबाचं देणं राह्यलं, म्हनून घर बसाय लागलंय. चंपाषष्ठीला चांगुणाला मुरळी सोडायची."

वाघ्या म्हणजे खंडोबाला वाहिलेला पुरुष, आणि मुरळी म्हणजे देवाशी लग्न लावलेली मुलगी, मित्रांनो. तिला पुन्हा स्वतःचं घर नाही.

छबूबाईच्या हातातलं पीठ हातातच राहिलं. "आत्याबाई, मामांजींच्या बापाला तुमी पाह्यलंबी न्हाई. वाघ्या हुते कशावरनं?"

"मग घुंगरं कशाला? म्हशीला बांधायला?"

कारभारी दोघींच्या मधे मान खाली घालून बसला. तो दुसऱ्याच दिवशी बापाच्या अस्थी घेऊन नाशिकला निघणार होता. छबूबाईनं भाकरी बांधून देताना हळूच सांगितलं, "उपाध्यांच्या वहीत समद्या पिढ्या लिवलेल्या असत्यात म्हनं. आज्याचं नाव काढा. काम काय लिवलंय ते बघा. त्याबिगर येऊ नका."

कारभारी आला तो एसटीच्या तिकिटामागे लिहून घेऊन: पुंजाराम, हरकारा. पुंजाराम स्वतःच्या आईच्या अस्थी घेऊन नाशिकला गेला होता, तेव्हा त्यानंच उपाध्यांना हे सांगितलं होतं.

पण हरकारा म्हणजे काय, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. शाळेच्या गुरुजींनाही नाही.

"देवाचाच कुनी मानकरी आसंल," आक्काबाई म्हणाली.

मी भिंतीला टेकून उभी होते. मनात आलं, आत्ता एक उंदीर तरी यावा! पण मी वाजून तरी काय सांगणार होते? वाजल्यामुळंच तर हे सगळं झालं होतं.

छबूबाईनं मला उचललं. "नेवाशाला काकासाहेब हायेत, जुने पोस्टमन. त्यांनी लई गावं पायाखाली घातल्यात. त्यांना इचारू. तुमीबी चला."

आक्काबाई निघाली. देवाची काठी एकट्या सुनेच्या हाती कशी द्यायची?

काकासाहेबांनी मला पाहिलं आणि चष्मा पुसला. "ही कुठं घावली वो? मी नोकरीला लागलो तवा एका म्हाताऱ्या हरकाऱ्याकडं अशीच हुती."

त्यांनी मला खांद्यावर घेतलं, मागं बाजाराची पिशवी अडकवली, आणि सत्तरीतला तो माणूस अंगणात ठुमकत पळाला. पन्नास वर्षांनी मी माझ्या तालात वाजले.

"पडाल," दारातून त्यांची बायको म्हणाली. "पेन्शन चालू झाली, आता कुनाचं टपाल?"

आक्काबाईनं पदर सावरला. "म्हंजी ही देवाची न्हाई?"

"सरकारी हाय, माय. तुमचा सासरा लोकांची पत्रं घेऊन पळायचा. लई इमानाचं काम."

आक्काबाई ओट्यावर बसली. म्हणाली, "छबू, मी पोरगी दिली आसती गं. टपालाच्या काठीपायी."

छबूबाईनं टोमणा मारला नाही. तिनं सासूला पाणी आणून दिलं, आणि मग दाराआड जाऊन पोटभर रडली. ते रडणं वेगळं होतं. घुसमटलेला माणूस मोकळा श्वास घेतो, तसं.

घरी चांगुणा उंबऱ्यातच उभी होती. "आई, मला जायचंय का?"

"व्हय," आक्काबाईच बोलली. "उद्या शाळंत."

तर मित्रांनो, तुमच्या घरात जुन्या कामाचं एखादं न कळणारं नाव सापडलं, तर मनानं अर्थ लावू नका. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, ती आहेत तोवर विचारा. आणि ऐकलेलं लिहून ठेवा. चांगुणानं लिहिलंय, वहीच्या पहिल्या पानावर: माझे पणजोबा पुंजाराम हरकारा होते. ते टपाल घेऊन पळत.