बारा नंबरची पुढची चाकं

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी माझा नवरा अर्लो ट्रेलरवर अर्धी मोटार घालून घरी आला. पुढची अर्धी. मागचा भाग कापून टाकलेला. वर ताडपत्री, आणि ती चार दोरांनी इतकी करकचून आवळलेली, जणू आतलं कुणी उठून पळणार होतं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होते. शेगडीवर खिमा-राजम्याची चिली होती आणि भट्टीत दालचिनीचे रोल. दोन्ही त्या दिवशी करपली.

मी बाहेर गेले. "काय आहे ते?"

"पुढचा भाग."

"ते दिसतंय मला, आंधळी नाही झाले अजून. कशाचा?"

त्यानं एक दोर सोडला आणि ताडपत्रीचा कोपरा वर केला. पांढरा मडगार्ड. पोलिसांची गाडी भंगारात विकण्याआधी शेरीफच्या, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाच्या, कचेरीत तिच्यावरचे चिकटवलेले आकडे खरवडून काढतात. पण आकड्याखालच्या रंगाला ऊन लागलेलं नसतं, त्यामुळं तेवढी जागा उजळ राहते. तिथं स्वच्छ वाचता येत होतं. बारा.

बारा म्हणजे आमचा मुलगा गॅरेट, शेरीफचा शिपाई.

तेरा महिन्यांपूर्वी, मार्चमध्ये, भर दुपारी गॅरेटनं एक्केचाळीसाव्या मैलाच्या दगडाजवळ एक गाडी तपासायला थांबवली. तिच्या मागे रस्त्याच्या कडेला स्वतःची गाडी उभी केली. मागून एक मालट्रक आला. नेब्रास्काच्या आमच्या भागात रस्ता सुतासारखा सरळ आहे, दोन दोन मैल पुढचं दिसतं, तरी त्या माणसाला दिसलं नाही. शेरीफच्या कचेरीत वायरलेसवर मी होते. सव्वीस वर्षं मीच आहे, वायरलेसवर माझं नाव सेंट्रल. "सेंट्रल, बारा. एक्केचाळीसला थांबलोय," तो म्हणाला. "ठीक, बारा. दोन सत्तेचाळीस," मी वेळ सांगितली. काम आटोपलं की शिपाई 'मोकळा' असं कळवतो आणि मी पुन्हा वेळ सांगते. त्यानं कळवलं नाही. मी तीनदा पुकारलं.

दफनाच्या दिवशी रीतीप्रमाणे त्याचा नंबर सगळ्या वायरलेसवर शेवटचा पुकारला गेला, उत्तराची वाट पाहिली गेली आणि मग बारा नंबर कायमचा बंद झाला. पुकारायला त्यांनी दुसरीला बसवलं. मला विचारलं होतं. मी नाही म्हणाले. त्या दिवसापासून मी बारा हा आकडा तोंडातून काढलेला नाही. अंडीसुद्धा डझनानं मागते.

"परत घेऊन जा ते," मी अर्लोला म्हणाले.

"बाबांच्या ट्रकला लावणारय."

"अर्लो, त्या गाडीत आपला मुलगा गेला!"

"मागून धडक बसली. पुढचा भाग धड आहे." मग तो इतकं बोलला, जेवढं सगळ्या हिवाळ्यात बोलला नव्हता. "ती चाकं एक्केचाळीसला थांबली ती थांबलीच, व्हर्ना. तिथून ती घरी आली नाहीत. मी ट्रकला लावणार, एक्केचाळीसला नेणार आणि तिथून घरी आणणार. नऊ मैल राहिलेत. एवढंच करायचंय मला. मग तू म्हणशील ते."

मी आत जाऊन करपलेली चिली ओतून दिली. तेरा महिने हा माणूस गावात जायला नदीकडच्या रस्त्यानं अठरा मैलांचा वळसा घेत होता, का तर एक्केचाळीस लागू नये. आणि आता हे.

आमचा शेजारी मर्ल वेल्डिंगचं काम करतो. मी त्याच्याकडे तक्रार घेऊन गेले. दफनाच्या वेळी त्याच्या बायकोनं जेवण भरून आणलेलं काचेचं भांडं अजून माझ्याकडे होतं, बुडाशी तिच्या नावाची पट्टी तशीच. तेही बरोबर घेतलं.

"तू त्याला मदत करू नकोस," मी म्हणाले.

मर्लनं भांडं घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. "अगं, काल तो माझ्याकडे आला आणि पाऊण तास बडबडला. कुठं कापायचं, कुठं भोकं पाडायची. मला मध्ये तोंड घालू देईना. आपला अर्लो! मी बायकोला हाक मारून दाखवलं, बघ बघ, हा बोलतोय."

"म्हणून काय..."

"म्हणून मी मदत करणार. हे काम मध्येच थांबलं ना व्हर्ना, तर तो पुन्हा आत जाऊन बसेल आणि या खेपेला बाहेर यायचा नाही. तू हवं तर मला शिव्या दे."

मी दिल्या. पण तो खरं बोलत होता, आणि ते मलाही कळत होतं.

अर्लोच्या बाबांचा ट्रक एकसष्ट सालचा. पुढं दोन चाकांच्या मध्ये एकच जाडजूड लोखंडी आस, तिच्याखाली पाटे. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरंही तोंड वाकडं करायचं. स्टीअरिंग फिरवायचं म्हणजे कणीक तिंबण्याएवढा जोर लावावा लागे, आणि पन्नासच्या वर गेलं की ट्रक आपला आपण रस्ता हुंगत फिरे. पोलिसांच्या त्या जुन्या मोटारींचा पुढचा भाग अशा ट्रकांना बरोबर बसतो. दोन्ही चाकं, स्प्रिंगा, स्टीअरिंग, सगळं एका अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीवर बसवलेलं असतं. चौकट उतरवायची, ट्रकच्या चेसिसला लावायची. आमच्याकडे निम्म्या गोठ्यांत कुणी ना कुणी हे करत असतं.

पण कापण्याआधी मोजणं. त्यात अर्लोनं तीन शनिवार घातले. ट्रक पाणसळ लावून लावून लोखंडी टेकूंवर सपाट उभा केला. मग जुन्या चाकाच्या मध्यावरून ओळंबा सोडायचा आणि तो जिथं स्थिरावेल तिथं जमिनीवर खडूची फुली. नवं चाक त्याच फुलीवर यायला हवं. अर्धा इंच इकडं तिकडं झालं तर ट्रक जन्मभर एका बाजूला ओढणार. ओळंबा धरायला त्यानं मला बोलावलं.

"हात हलवू नकोस."

"हलवत नाहीये. तूच श्वास सोडतोयस त्याच्यावर."

"मग काय, श्वास बंद करू?"

"एवढ्यापुरता कर."

तो हसला. आवाज न करता, पण हसला. मी ओळंब्याकडेच बघत राहिले, कारण त्याच्याकडे बघितलं असतं तर रडले असते.

मे महिन्यात जुनी आस निघाली. मर्लनं चेसिसच्या पुढच्या पट्ट्या कापल्या तेव्हा अर्लोनं टोपी काढून हातात धरली. बाबांचा ट्रक होता. मग चौकट साफ करायचं काम माझ्याकडे आलं. डिझेलची बादली, तारेचा ब्रश, आणि वर्षानुवर्षांचा ग्रीसचा थर. ते दोघं भोकं पाडायची मशीन आणायला मर्लकडे गेले होते. मी एकटीच होते.

स्टीअरिंगपासून डाव्या चाकाकडे जाणाऱ्या दांड्यावरचा मळ निघाला आणि खालून पिवळे आकडे दिसले. आमच्या जिल्ह्याच्या गॅरेजातला मिस्त्री एखादा भाग बदलला की त्यावर पिवळ्या शाईनं तारीख टाकतो. नऊ फेब्रुवारी दोन हजार सोळा.

माझा ब्रश बादलीत पडला.

ती तारीख मला तोंडपाठ आहे. त्या सकाळी बर्फावरून घसरून गॅरेटची गाडी नाल्यात गेली होती. "सेंट्रल, बारा. मी नाल्यात आहे. मला काही झालेलं नाही. डावं चाक वाकलंय." मग जरा थांबून, साऱ्या जिल्ह्यातले शिपाई ऐकत असताना, "सेंट्रल, माझ्या आईला कळवू नका." तो वायरलेसवर मला कधी आई म्हणत नसे. मी म्हणाले, "बारा, सेंट्रल. आईला कळलंय." त्यावर सगळे जण आठवडाभर हसत होते. चाकाला जोडणारा तो दांडा गॅरेजात बदलला. म्हणजे हाच.

पण अठरा साली गॅरेटला दुसरी गाडी मिळाली होती. आमचा जिल्हा गरीब. दुसरी म्हणजे शेजारच्या जिल्ह्यानं वापरून टाकलेली, हिच्यासारखीच पांढरी, हाच नमुना. नंबर गाडीचा नसतो, माणसाचा असतो. गॅरेट नव्या गाडीत बसला तसा बाराही तिच्यावर गेला. एक्केचाळीसला उभी होती ती दुसरी. हे वायरलेसवर बसणाऱ्याला माहीत असतं. अर्लो गाईगुरांचा माणूस, त्याला कसं माहीत असणार? त्यानं सरळ हिशोब केला होता. बारा नंबर बंद झाला, आता जगात तो एकाच गाडीवर असणार. भंगारवाल्याच्या आवारात तो आकडा दिसला आणि त्यानं पुढं विचारलं नाही; आकडा पाहून मीही नाही.

मी तिथंच जमिनीवर बसले. सांगितलं तर? तर खडूच्या फुल्या, पाणसळ, तीन शनिवार, ते नऊ मैल, सगळं पाण्यात. आणि अर्लो पुन्हा आत जाऊन बसणार.

ते दोघं परत आले तेव्हा दांडा काळ्या रंगानं रंगवून झाला होता.

"अगं, सांगितलं कुणी रंगवायला?" अर्लो म्हणाला.

"गंजेल म्हणून रंगवला. चूक झाली का?"

"नाही, चांगला झालाय."

एकतीस वर्षांच्या संसारात मी या माणसाला खूप टोचून बोलले आहे, पण फसवलेलं नव्हतं. पुढचे तीन महिने तो मला एकेक बोल्ट दाखवत होता आणि मी मान डोलवत होते. माझी मलाच लाज वाटत होती.

ऑगस्टमध्ये ट्रक उभा राहिला. चाकं फुल्यांवर अचूक आली. मर्लनं ट्रकखाली झोपून पाहिलं आणि उठून अर्लोच्या पाठीत थाप मारली. रविवारी चर्चनंतर अर्लोनं स्वच्छ शर्ट घातला आणि मला म्हणाला, "चल."

नदीकडच्या रस्त्यानं वळसा घालून आम्ही पलीकडच्या बाजूनं मोठ्या रस्त्याला लागलो. ट्रकचं तोंड घराकडे. स्टीअरिंग एका बोटानं फिरत होतं. अर्लो मला ते दाखवणार होता, पण एक्केचाळीसचा दगड दिसला आणि त्याचं बोट आपोआप मुठीत गेलं. त्यानं कडेला घेतलं. गॅरेटच्या मित्रांनी रोवलेला क्रॉस तिथं होता, त्याला बांधलेला झेंडा उन्हानं विटलेला. अर्लोनं इंजिन बंद केलं.

मालट्रक जायचा, वाऱ्यानं आमचा ट्रक हलायचा, पुन्हा शांत.

"कर सुरू," मी म्हणाले.

त्यानं किल्लीवर हात ठेवला. काढला. पुन्हा ठेवला. "नाही जमत, व्हर्ना."

"का?"

"ही चाकं इथून नेली तर..." त्यानं क्रॉसकडे पाहिलं. "तर तो इथं एकटा राहील. आत्तापर्यंत निदान गाडी तरी होती त्याच्याबरोबर. मी तीही काढून घेतोय."

मी तीन महिने जे गिळून बसले होते ते आता गिळवेना. या माणसानं आपल्या पोराला या दगडाशी बांधून ठेवलं होतं आणि दोराचं एक टोक मीच रंगवून लपवलं होतं.

"अर्लो, ही ती गाडी नाही."

त्यानं वळून पाहिलं.

मी सगळं सांगितलं. पिवळी तारीख, दुसरी गाडी, नंबर माणसाचा असतो ते. "ही त्याची पहिली गाडी. ही इथं कधी अडकली नव्हती."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"मे महिन्यापासून."

"म्हणून रंगवलंस?"

"हो."

त्याचा चेहरा रागानं लाल झाला. मी वाट पाहत होते. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो दार उघडून उतरला, ट्रकच्या पुढं गेला, वाकला आणि डाव्या चाकाच्या आत हात घालून त्या दांड्यावरून हात फिरवत राहिला. परत आला तेव्हा बोटं ग्रीसनं काळी झाली होती.

"नाल्यात गेला होता? मला नाही सांगितलं कुणी."

"तू बाजारात होतास, गुरं घेऊन. त्यानं वायरलेसवर सांगितलं, माझ्या आईला कळवू नका."

"वायरलेसवर? तुलाच?"

"मलाच."

अर्लो हसायला लागला. आता आवाज करून. हसता हसता तो स्टीअरिंगवर कपाळ टेकून रडायला लागला, आणि सतरा महिन्यांत मी त्याला रडताना पहिल्यांदा पाहिलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मीही रडले. आम्ही दोघं एकत्र असे आजवर रडलोच नव्हतो.

"मग ती गाडी कुठं आहे?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं.

"चिरडली असेल केव्हाच."

"आणि ही?"

"ही साडेतीन वर्षं रोज घरी आली. एक दिवस नाल्यात गेली, त्या दिवशीही दोरानं ओढत आणली, पण आली."

त्यानं काळ्या बोटांनी डोळे पुसले, त्यामुळं तोंडभर ग्रीस लागलं. किल्लीवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहत थांबला. तो कशाची वाट पाहतोय ते मला कळलं. माझ्या वायरलेसच्या वहीत त्या दिवशीची ओळ अजून तशीच आहे. एक्केचाळीसला थांबला, दोन सत्तेचाळीस. पुढचा 'मोकळा'चा रकाना कोरा. तो दुसऱ्या कुणाला भरता येत नाही.

मी घड्याळात पाहिलं. आवाज कामावरचाच निघाला.

"बारा, सेंट्रल," मी म्हणाले. "बारा मोकळा. एक वाजून अठ्ठावीस."

अर्लोनं किल्ली फिरवली.