जहाजावर न गेलेला रक्तदाबमापक

मित्रांनो, मी एक जुना, पाऱ्याचा रक्तदाबमापक आहे. माझे झाकण उघडले की त्याच्या आतल्या अंगाला बसवलेली काचेची नळी ताठ उभी राहते. मग माणसाच्या दंडाला माझा कापडी पट्टा गुंडाळतात, रबरी फुगा दाबून त्यात हवा भरतात आणि ती हवा हळूहळू सोडताना नाडीचा ठोका कान देऊन ऐकतात. ठोका कुठे सुरू झाला आणि कुठे विरला, हे दोन आकडे म्हणजे माझे सारे बोलणे. एवढ्याशा शब्दसंपत्तीवर मी आयुष्य काढले. म्हणूनच की काय, उरलेला सगळा वेळ मी ऐकत राहिलो आणि मला एक खोड जडली. माणसे एकमेकांना काय विचारतात आणि काय विचारायचे विसरून जातात, याचे मला फार कुतूहल वाटते.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांब बाकावर झाला. तिथे एक कारागीर बाई प्रत्येक नव्या यंत्राला एका जुन्याजाणत्या यंत्राशेजारी उभे करीत आणि दोघांचा पारा एकाच रेषेवर येतो का, हे डोळे बारीक करून पाहत. माझा पारा आला तेव्हा त्यांनी माझ्या झाकणावर हलकेच टिचकी मारली. ती माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी.

पुढे मी एका दवाखान्यात रुजू झालो. तिथल्या परिचारिकेला सगळे नुसते 'सिस्टर' म्हणत. त्यांचा एक दंडक होता. काम झाले की मला आधी एका बाजूला कलंडवायचे, पारा पुरता खालच्या भांड्यात उतरू द्यायचा, मग चावी फिरवायची आणि मगच झाकण लावायचे. कुणी घाईने झाकण आदळले तर त्या म्हणत, "सांडलेला पारा हाताने गोळा होत नाही बरं. तब्येतीचंही तसंच असतं." माझ्यावर त्यांचा इतका विश्वास की डॉक्टरांना आकडा पटला नाही तर त्या पेशंटला पुन्हा मोजायला बसवत, पण मला कधी खोटे ठरवत नसत.

मग बॅटरीवर चालणारी छोटी यंत्रे आली. त्यांना पारा नको, नाडी ऐकणारा कानही नको. मी कपाटाच्या वरच्या फळीवर, जुन्या एक्स-रेंच्या गठ्ठ्याशेजारी जाऊन पडलो. दवाखाना बंद झाला त्या दिवशी डॉक्टरांनी विचारले, "सिस्टर, आठवण म्हणून काय नेता?" सिस्टरांनी माझ्याकडे बोट दाखवले, तेव्हा खोलीतले सगळे हसले. मी मात्र धन्य झालो.

सिस्टरांच्या घरी मला भेटले त्यांचे यजमान. ते गोदीत रंगारी होते. दोरांना टांगलेल्या फळीवर बसून त्यांनी आयुष्यभर जहाजांच्या अंगाला रंग दिला, पण प्रवासी म्हणून एकाही जहाजावर पाऊल ठेवले नाही. आळीतली माणसे त्यांना चेष्टेने 'कप्तान' म्हणत आणि ते ती चेष्टा सलामीसारखी स्वीकारत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या छातीत कळ आली. हृदयाची एक रक्तवाहिनी चोंदली होती. ती आत जाळी बसवून मोकळी करावी लागली. तेव्हापासून माझी जागा फळीवरून खिडकीजवळच्या टेबलावर आली. रोज सकाळी सिस्टर त्यांचा दंड माझ्या पट्ट्यात गुंडाळत. "हलू नका." "श्वास घेऊ की नको?" "घ्या, पण बोलू नका." हा संवाद इतक्या वेळा ऐकला आहे की तो मलाही पाठ झाला.

अशातच लेकीने दोघांसाठी समुद्रसफरीची तिकिटे काढली. मोठे जहाज, लांबचा प्रवास, वाटेत निरनिराळी बंदरे. कप्तान तर लहान मुलासारखे हरखले. त्यांनी जहाजाचे चित्र भिंतीला लावले आणि येईल त्या माणसाला त्यातला रंग कुठे नीट बसलेला नाही, ते दाखवू लागले. लेकीने एकच अट घातली होती : प्रवासाचा विमा नीट निवडायचा. त्यासाठी एक दिवस विमा सल्लागार बाई घरी आल्या. त्या माझ्याच टेबलाशी बसल्या. विमा हा प्रकार मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होतो. मी माणसाचे फक्त आजचे सांगतो. हा कागद उद्याचे कसे विचारणार, याची मला भारी उत्सुकता होती.

"तिकिटाबरोबर एक विमा मिळतोय की, स्वस्तातला," कप्तान म्हणाले.

"मिळतोय काका. बॅग हरवली, जहाज चुकलं, तर तो कामाचा. पण आधीपासूनच्या आजाराला तो हात लावत नाही. आणि इथला नेहमीचा आरोग्यविमा भर समुद्रात बहुतेक चालत नाही."

"पण जहाजावर डॉक्टर असतो ना?"

"असतो. पण त्याच्याकडे छोटा दवाखाना असतो, मोठं हॉस्पिटल नाही. जास्त बिघडलं तर पेशंटला किनाऱ्यावर न्यावं लागतं. बोटीतून, कधी हेलिकॉप्टरनं. तो खर्च माणसाला बसवतो खाली."

"हेलिकॉप्टर!" कप्तानांचे डोळे चमकले. "मग एखाद्या दिवशी पडतोच आजारी."

"अहो, जिभेला काही हाड?" सिस्टर कडाडल्या.

सल्लागार बाईंनी दुसरा विमा पुढे ठेवला. तो महाग होता, पण जुना आजार खराखुरा सांगितला तर त्यालाही संरक्षण देणारा होता. आता कप्तान चुळबुळ करू लागले. "छातीचं कशाला लिहायचं? ती जुनी गोष्ट झाली. मी आता ठणठणीत आहे. आणि लिहून त्यांनी नाही म्हटलं तर?"

सिस्टरांनी चष्मा काढला. "गोदीत कामावर येणाऱ्या नव्या पोरांना काय शिकवायचात तुम्ही?"

कप्तानांनी खिडकीबाहेर पाहिले.

"सांगा की."

"गंज खरवडल्याशिवाय रंग नाही," ते पुटपुटले.

"मग खरवडा."

आणि कप्तानांनी सगळे सांगितले. कळ, जाळी, गोळ्या. पुढचा प्रश्न होता, अलीकडे औषधात काही बदल झाला का. सिस्टर अभिमानाने म्हणाल्या, "छे! उलट रोज चालून चालून यांची एक गोळी अर्धी झाली."

"काकू, अर्धी झाली म्हणजे बदल झालाच. वाढली काय, कमी झाली काय, विम्याच्या लेखी सारखंच. निघायच्या आधी ठरावीक महिने औषध जसंच्या तसं चालू असावं लागतं. कधी झाली अर्धी?"

हिशेब केला. तेवढा काळ उलटून गेलेला होता. कप्तानांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मी मात्र विचारात पडलो. ज्या गोष्टीचा घराला आनंद, तिचीही नोंद ठेवणारे कुणीतरी आहे, हे मला नवे होते. बरे होणे हासुद्धा एक बदलच की!

"आता काकूंचं," सल्लागार बाई म्हणाल्या. "बी. पी.?"

"मला काय धाड भरलीय? माझं अगदी नॉर्मल."

"शेवटचं कधी मोजलं होतंत?"

सिस्टर बोटांवर वर्षे मोजू लागल्या आणि मध्येच थांबल्या. मीही आठवू लागलो. सुजलेले दंड, सुरकुतलेले दंड, मोजताना रडणाऱ्यांचे आणि हसणाऱ्यांचे दंड माझ्या पट्ट्यातून गेले होते. सिस्टरांची बोटे मला माझ्या रेषांइतकी ओळखीची. पण त्यांचा दंड? तो माझ्या पट्ट्यात कधीच आला नव्हता. हे इतकी वर्षे माझ्याही लक्षात आले नव्हते, मित्रांनो. रोज सकाळी त्यांचे डोके ठणके; त्या म्हणत, "चष्म्याचा नंबर बदललाय," आणि आम्ही सारे ते खरे धरून चालत होतो.

"मोज की मग, यंत्र तर पुढ्यातच आहे," कप्तान म्हणाले.

"स्वतःचं स्वतःला नीट ऐकता येत नाही."

"मी ऐकतो. रोज बघतोय तुला मोजताना."

रंगाच्या डब्यांनी राठ झालेल्या हातांनी त्यांनी पट्टा गुंडाळला. स्टेथोस्कोपच्या नळ्या कानात घातल्या. "उलट्या घातल्यात," सिस्टर म्हणाल्या. "आणि पट्टा आणखी वर." "तुझी टकळी थांबली तर ऐकू येईल मला." त्यांनी फुगा दाबला, हवा सोडली आणि अचानक त्यांचा चेहरा बदलला. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोच्या नाडीचा ठोका पहिल्यांदाच ऐकला होता.

"अगं, हे तर गोदीत हातोडा पडावा तसं वाजतंय!"

"कुठे सुरू झालं? बोट ठेवा." त्यांनी माझ्या नळीवर बरेच वर बोट ठेवले. सिस्टर म्हणाल्या, "चुकलात. पुन्हा."

जरा थांबून त्यांनी पुन्हा मोजले. बोट तिथेच आले. "घाईत हवा सोडलीत." तिसऱ्यांदा सिस्टर स्वतःच माझ्या पाऱ्याकडे टक लावून बसल्या. मला खोटे बोलता आले असते तर त्या क्षणी मी एक पायरी खाली उतरलो असतो. पण त्यांनीच मला आयुष्यभर खरा मानले होते. बोट तिसऱ्यांदाही तिथेच थांबले, आणि या वेळी सिस्टरांनी स्वतःच पट्टा सोडला.

एका बैठकीत मोजलेल्या आकड्यांवरून काही ठरत नाही. म्हणून कप्तान त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी वेगवेगळ्या दिवशी तपासले आणि गोळी सुरू करायला सांगितली. आता सल्लागार बाईंचा तो नियम सगळ्यांना आठवला. गोळी नवी कोरी आणि जहाज तर तोंडावर. या सफरीत सिस्टरांना त्या दुखण्यासाठी विम्याचे संरक्षण मिळणार नव्हते. सफर पुढच्या मोसमात ढकलता येत होती, पण कप्तानांच्या वयाला पुढचा मोसम म्हणजे काही हाताशी आलेली गोष्ट नव्हे.

सकाळच्या उन्हात दोघे माझ्या टेबलाशी बसले होते. सिस्टर खाली बघत म्हणाल्या, "असं करू. गोळी सफरीहून परत आल्यावर सुरू करते. तोवर कुणाला काही सांगायचं नाही. इतकी वर्षं काही झालं नाही, आणखी चार दिवसांनी काय होणार?"

मी चकित झालो. खरे बोलण्यासाठी ज्यांनी डॉक्टरांशीही वाद घातले, त्या हे म्हणत होत्या! पण त्यांची नजर भिंतीवरच्या जहाजाकडे वळली, आणि त्या कुणासाठी खोटे बोलायला निघाल्या आहेत, ते मला समजले.

कप्तानही त्या चित्राकडे पाहत होते. मग म्हणाले, "गंजावर रंग मारू म्हणतेस?"

"अहो, तुमची आयुष्यभराची हौस..."

"हौस मला जहाजाची आहे. विधुर होऊन डेकवर फिरायची नाही." लगेच ते मोठ्याने म्हणाले, "आणि हेलिकॉप्टरमध्ये तू एकटी बसणार, मी खालून हात हलवणार? जमायचं नाही!"

सिस्टर हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदराने डोळे टिपले. कप्तानांनी स्वतः फोन लावून तारीख पुढे ढकलली. त्या दिवशी संध्याकाळी ते एकटेच गोदीच्या बाजूला फिरून आले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी टेबलाशी येऊन बसले आणि म्हणाले, "चल, दंड पुढे कर. आणि बोलू नकोस."

पुढे वर्षभर माझ्या पट्ट्यात रोज दोन दंड येत. कप्तान नळ्या सरळ घालायला शिकले. काम झाले की मला कलंडवायला, पारा उतरेपर्यंत थांबायला, चावी फिरवायला शिकले. हळूहळू सिस्टरांचा ठोका खालच्या रेषेवर येऊ लागला. डोकेदुखी गेली आणि चष्मा बिचारा निर्दोष सुटला. मोसम फिरून आला तेव्हा सल्लागार बाई पुन्हा आल्या. या वेळी त्यांनी 'औषधात काही बदल?' हा एकच प्रश्न दोघांना विचारला आणि दोघांनी एकमेकांची उत्तरे दिली : 'छे!'

आज सकाळी ते दोघे जहाजावर गेले. मला नेले नाही. माझ्या पोटात पारा आहे. प्रवासात काच फुटली तर तो सगळ्यांनाच अपाय करील. सोबत बॅटरीचे छोटे यंत्र गेले. पूर्वी अशा वेळी मला कपाटातली फळी आठवून वाईट वाटले असते. आज तसे वाटत नाही. निघता निघता कप्तानांनी मला कलंडवले, चावी फिरवली आणि झाकणावर हलकेच टिचकी मारली. कारखान्यातल्या त्या बाईंनंतर अशी टिचकी मला कुणीच मारली नव्हती.

मित्रांनो, यंत्रे जपून वापरा, काम झाले की जागच्या जागी ठेवा, हे तर मी सांगेनच. पण माझे खरे मागणे निराळे आहे. तुमच्या घरातही असे एक माणूस असेल, जे सगळ्यांना औषधे देते, सगळ्यांचा ताप पाहते आणि 'मला काय झालंय?' म्हणून पुढच्या कामाला लागते. आज त्या माणसाला जरा खुर्चीत बसवा. त्याचा दंड हातात घ्या. आणि तुम्हाला काय वाटते ते बाजूला ठेवून, त्याच्या नाडीचा ठोका एकदा कान देऊन ऐका.