सहाव्या बोटाचा साक्षात्कार

तळघरातल्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर लहरीमहाराज एका म्हाताऱ्याचा मोबाइल कपाळाला लावून डोळे मिटून बसले होते.

"मणका! चौथा मणका! बारा वर्षांचं दुखणं!"

म्हातारा ढसाढसा रडू लागला. महाराजांनी फोन परत दिला. "यात लहरी भरल्यात. रोज छातीशी धर. औषधं बंद!"

टाळ्यांचा कडकडाट झाला आणि माझ्या अंगाचा तिळपापड. शेजारी बसलेल्या माझ्या ताईने मागच्याच बैठकीत फोन असा 'भरून' घेतला होता आणि दोन दिवसांपासून इन्सुलिन बंद केलं होतं. बाटलीभर पाणी पिऊनही तिची तहान भागत नव्हती.

"ताई, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल."

"तू फोनचे स्क्रू काढणारी, तुला लहरींतलं काय कळतंय? मी तोंडातून शब्द काढला नव्हता, तरी त्यांनी साखरेचा आकडा सांगितला गं!"

माझं फोनदुरुस्तीचं दुकान आहे. फोनला आधी कुणीतरी काहीतरी सांगितल्याशिवाय तो काही बोलत नाही, एवढं मला नक्की कळतं.

"फोनमध्ये काही लिहिलं होतंस?"

"छे! इथलं फुकटचं वायफाय जोडलं, बस्स."

माझी ट्यूब पेटली. तळघरात रेंज नव्हती आणि नंबर लागायला तीन तास. मीही वायफाय जोडलं. लगेच फॉर्म आला: नाव, दारात मिळालेला टोकन नंबर, त्रास, शेवटचा रिपोर्ट. असले फॉर्म आपण सगळेच डोळे झाकून भरतो, 'ओके' दाबतो आणि विसरून जातो. मी लिहिलं, 'डाव्या पायाला सहावं बोट, फार ठणकतं.'

माझा नंबर आला. महाराजांनी माझा फोन कपाळाला लावला. त्यांच्या लांब केसांआड कानात एक काळं बटण चमकलं.

"डावा पाय! देवाने सहावं बोट दिलं, तेच वैरी झालं!"

मी चप्पल काढली आणि पाय सरळ त्यांच्या टेबलावर ठेवला. "मोजा."

मणक्याच्या म्हाताऱ्यानेच पुढे वाकून मोजायला सुरुवात केली. तो पाचावर थांबला.

"ते सूक्ष्म बोट आहे!" महाराज ओरडले.

"सूक्ष्म कसलं, मी फॉर्ममध्ये ठोकून दिलेलं आहे! तुमचा कुणीतरी शिष्य आत बसून फॉर्म वाचतो आणि तुमच्या कानात सांगतो. ते केस जरा मागे करा!"

"करा, करा!" सभागृह गरजलं. महाराजांनी केस मागे केले नाहीत. ते मागच्या दाराने पसार झाले. तरीही चारपाच जण रिकाम्या खुर्चीला हात जोडून उभे होते, याचा मला आजही संताप येतो.

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. "आकडा मीच भरला होता गं," ती पुटपुटली. "चल, दवाखान्यात."

डॉक्टरीणबाईंनी तिला ताबडतोब दाखल करून घेतलं. आणखी एक दिवस गेला असता तर जिवावर बेतलं असतं, असं त्या म्हणाल्या. आता ताईच्या दंडावर एक छोटं यंत्र आहे. ते तिची साखर बिनतारी फोनवर पाठवतं, फोन ती डॉक्टरीणबाईंना कळवतो आणि इन्सुलिनच्या वेळेला कोकलतो. यात लहरी आहेतच, पण त्या माणसाने मोजलेल्या, तपासलेल्या आहेत. म्हणून सांगते, फोन कपाळाला लावू नका, कानाला लावा आणि डॉक्टरांना विचारा. आणि कुणी 'औषधं बंद' म्हणालं, तर तो कितीही मोठा असो, भर सभेत उठून विचारा, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"